फळीवाले

या वैजनाथसाहेब, बसा असे मागच्या सीटवर, ऐसपैस. दुधाची पिशवी मांडीवर घ्या, लगेच नासत नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. खरी आहे, आपल्या सुविचार सोसायटीतलीच आहे, आणि तुम्ही तिकडं अमेरिकेत होतात म्हणून फक्त तुम्हालाच माहीत नाही. बाकी अख्ख्या औंधला कळली. आपल्याकडं बातमीला व्हिसा लागत नाही, पण समुद्र ओलांडायचा म्हणजे लागत असेल.

आता मी काय शिकलेला माणूस नाही. आईनं ज्ञानदेव नाव ठेवलं आणि मास्तरांनी सातवीत घरी पाठवलं. तेव्हा मोठी मोठी माणसं जे बोलली ते मी जसं ऐकलं तसं सांगणार. चुकलं तर शाळेची चूक समजा.

तर तुम्ही बसलात ना, ती सीट. आणि समोर, माझ्या पाठीला लागून हे लाकूड आडवं टाकलंय, ती फळी. शाळेच्या रिक्षाचं राज्य एवढंच. सीटवर तोंड पुढं करून बसायचं, वारा लागतो, पाठीला रेक्झिन. फळीवर उलटं बसायचं. म्हणजे आपण कुठून आलो तेवढं दिसतं, कुठं चाललो ते दिसत नाही. नवीन पोरगं आलं की फळीवर. सीटवरचं जुनं पोरगं सायकलवर जायला लागलं की फळीवरचं एक वर सरकतं. सगळ्या पुण्यात असंच चालतं.

पण आमच्या रिक्षात पोरांनी वर आणखी एक कायदा केलेला. फळीवाल्याचा गुडघा सीटवाल्याला लागला, की सीटवाल्यानं ‘लागलं’ म्हणायचं आणि माझ्या खांद्यावरून हात घालून भोंगा दाबायचा. भोंगा वाजला की लागलेलं जातं. नाही वाजवला तर दिवसभर राहतं, आणि मग मधल्या सुट्टीत त्या सीटवाल्याच्या डब्यातलं कुणी खात नाही. आता रिक्षा म्हणजे काय दिवाणखाना आहे का? गुडघे लागणारच. त्यामुळं गणेशखिंडीतून मी रोज पों पों करत जायचो, पुढं रस्ता मोकळा असला तरी. एकदा हवालदारानं थांबवलं, म्हणाला, कुणाची वरात आहे काय. म्हणलं साहेब, शुद्धीकरण चाललंय. त्यानं लायसन बघितलं, मला बघितलं, आणि जाऊ दिलं.

मला वाटायचं खेळ आहे. तुमची दीपाली पण खेळायची की. तुम्ही घरी कधी ऐकलं नसेल. घरी सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती, सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी कोण सांगतं.

सीटवर सगळ्यात जुनी अक्षता. खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टरमधून पहिली चढते. शांत पोरगी, वेणी घट्ट, अभ्यासात पुढं. तिच्या शेजारी तुमची दीपाली, मग आणखी दोघं. आणि फळीवर बाकीची चिल्लीपिल्ली, त्यात आयुष. आयुष म्हणजे आपले चेअरमन दत्तप्रसाद लिमये, त्यांचा नातू. तो पण तुमच्यासारखाच अमेरिकेहून आलेला, आईबापाबरोबर. तिकडं पिवळ्या बसमधून जायचा म्हणे. इथं आला आणि फळीवर बसला. आठवडाभरात कायदा शिकला, महिन्याभरात त्यात पक्का झाला. स्वतःचा गुडघा लागला की स्वतःच सांगायचा, ‘अक्षताताई, लागलं बरं का.’ इतका प्रामाणिक.

आता लिमये नाना रविवारी क्लबहाऊसमध्ये संस्कारवर्ग घेतात हे तुम्हाला माहीत आहे. श्लोक, पाढे, एक बोधकथा, आणि शेवटी राजगिऱ्याचा लाडू. अर्धी पोरं लाडवासाठी येतात आणि जाताजाता संस्कार होऊन जातात. तर एका रविवारी नानांचा विषय होता, देव सगळ्यांच्यात असतो. मुंगीत असतो, हत्तीत असतो, झाडात असतो. आयुषनं हात वर केला.

‘आजोबा, फळीवाल्यांच्यात पण असतो का?’

‘कोण रे फळीवाले?’

‘मी.’

मग त्यानं सगळा कायदा समजावून सांगितला. रडला नाही, तक्रार नाही, कॅरमचे नियम सांगावेत तसा सांगितला. कुणाला लागलं की काय, भोंगा नाही वाजला तर काय, डब्याचं काय. त्या दिवशी लाडू वाटायचे राहिले.

सोमवारी सकाळी नाना गेटवर उभे. मला म्हणाले, ‘अहो ज्ञानदेव, आपण जरा बाजूला याल का.’ मी तिथंच समजलो. हा माणूस चिडला की जास्त आदर देतो.

‘आपल्या रिक्षात माझ्या नातवाला अस्पृ...’

आणि तिथंच त्यांचा गियर अडकला. शब्द अर्धा बाहेर, अर्धा आत. मी वाट बघितली. मग त्यांनी तो परत गिळला आणि दुसरा काढला.

‘...वेगळं वागवलं जातं, हे आपल्याला ठाऊक आहे?’

‘पोरांचा खेळ आहे नाना.’

‘चालवतं कोण हा खेळ?’

‘सीटवाली सगळीच. अक्षता त्यात मोठी.’

‘अक्षता कोण?’

‘खडकीची.’

‘पूर्ण नाव?’

‘अक्षता भीमराव ओव्हाळ.’

‘अच्छा.’

साहेब, तुम्ही अकोल्याचे, म्हणून सांगतो. पुण्यात ‘अच्छा’ हा साधा शब्द नाही, तो निकाल आहे. त्यावर अपील नाही. मग म्हणाले, ‘मी जातपात मानत नाही, हे आपण जाणताच. पण घरातले संस्कार म्हणून काही भाग असतो.’

म्हणलं, ‘असतो ना. त्या घरी पण रोज संध्याकाळी वंदना असते, पोरीला बसवून चार गोष्टी सांगतात. भीमराव लई कडक आहेत त्या बाबतीत.’

‘मग हे आलं कुठून?’ नाना म्हणाले.

आता ते मला काय माहीत? मी रिक्षा पुढं बघून चालवतो.

बुधवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग ठेवली. रिक्षाच्या पोरांचे आईबाप, मी, आणि खडकीहून भीमरावांना निरोप. तुमच्या मिसेस, वहिनी पण होत्या, विचारा त्यांना. खुर्च्या मांडल्या होत्या. भीमराव पाळी संपवून लुनावरून आले, मागं अक्षता. अंगात फॅक्टरीचा खाकी शर्ट, हातात हेल्मेट. ते आले तेव्हा खुर्च्या कमी पडल्या, म्हणजे एकट्या त्यांनाच कमी पडली. मग पूर्णिमाताई उठल्या, आयुषची आई, त्यांनी आपली दिली. त्या उठल्या म्हणून आणखी चौघांना उठावंसं वाटलं, आणि एकदम खुर्च्याच खुर्च्या झाल्या.

सुरुवात नानांनी केली. म्हणाले, माणूस जन्माला येतो तो जनावरासारखाच. धर्म त्याला माणूस करतो. जिथं धर्माचं शिक्षण कमी पडतं तिथं असले प्रकार होतात. बघत होते भीमरावांकडं, बोलत होते सगळ्यांशी.

पूर्णिमाताई म्हणाल्या, ‘बाबा, तसं नाहीये.’ त्यांनी कॉम्प्युटरवर वाचलेलं. परदेशात कुणीतरी तान्ह्या बाळांपुढं दोन बाहुल्या नाचवल्या. एक बाहुली दुसऱ्याला मदत करते, एक आडवी येते. बाळं बरोबर मदत करणारीच उचलतात. म्हणजे चांगुलपणा पोटातूनच येतो, शिकवावा लागत नाही. बिघडवतात ते मोठे लोक.

मी म्हणलं, ‘ताई, बाळानं उचलली ती बाहुली, पुढं काय केलं तिचं?’

‘पुढं म्हणजे?’

‘आमच्यातली बाळं तोंडात घालतात. चांगली असो, वाईट असो.’

त्या हसल्या. नाना हसले नाहीत. ते म्हणाले, ‘विषयावर या.’

मग भीमराव बोलले. मोजकंच बोलतो तो माणूस. म्हणाले, ‘छप्पन साली माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली ती याच गोष्टीतून सुटायला. आमच्या घरात हे शिकवलं जात नाही. लिमयेसाहेब, तुम्ही मला बोलावलं नसतं तरी चाललं असतं, नुसतं सांगितलं असतं तरी लाज वाटायची तेवढी वाटली असती.’ मग पोरीकडं वळले.

‘अक्षता, आपण घरी काय म्हणतो? जन्मानं कुणी वरचा, कुणी खालचा असतो का?’

‘नाही पप्पा.’

‘मग?’

‘मी जन्माचं कुठं म्हणते? तो फळीवर बसतो म्हणून म्हणते.’

दोन धर्मांची माणसं बसली होती तिथं, दोघांनी शिकवलेलं एकदम बरोबर. पोरांनी ते नीट पाठ केलं होतं, आणि त्यातली बारीक फट शोधून तिथून रिक्षा बाहेर काढली होती.

नानांनी विचारलं, ‘हे तुला शिकवलं कुणी?’

‘कुणी नाही. पहिल्यापासून आहे.’

‘पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?’

‘मी फळीवर होते तेव्हापासून.’

भीमरावांनी मान वर केली. ‘तू फळीवर होतीस?’

‘पहिली, दुसरी. माझा गुडघा लागला की हॉर्न वाजायचा.’

‘मला कधी बोलली नाहीस.’

‘काय बोलायचं त्यात? सीट मिळणारच होती.’

साहेब, त्या माणसानं हेल्मेटची काच वर केली, खाली केली, परत वर केली. पार्किंगमध्ये तेवढाच आवाज. मग म्हणाले, ‘माझ्या आजोबांना सांगायचे, पुढच्या जन्मी मिळेल. हिला दोन वर्षांत मिळालं. प्रगती आहे.’

कुणाला हसू आलं नाही. वहिनींनी पदर तोंडाला लावला, ते हसायला नव्हतं.

नाना म्हणाले, ‘म्हणजे हिला स्वतःला माहीत होतं कसं वाटतं ते. तरी हिनं केलं. हिला तर कळायला हवं होतं.’

तेव्हा पूर्णिमाताई म्हणाल्या, ‘बाबा, ज्यांना भोगावं लागलं त्यांनीच शहाणं व्हायचं, आणि आपण काय करायचं? मीटिंग घ्यायची?’

सुनेनं सासऱ्याला चारचौघांत असं बोलायचं म्हणजे... जाऊ द्या. त्या पण कमावत्या आहेत.

मग त्यांनीच उपाय काढला. सोपा उपाय. आयुषला जवळ घेतलं, म्हणाल्या, ‘उद्यापासून हे सगळं बंद. फळीवाला नाही, सीटवाला नाही, हॉर्न नाही. ठीक?’

आयुषचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही.

‘म्हणजे माझं वर्ष वाया.’

‘कसलं वर्ष?’

‘जूनमध्ये नवीन पोरं येणार ना. मी सीटवर जाणार. मग मी कुणासाठी हॉर्न वाजवू?’

नाना म्हणाले, ‘अरे, मग तू उद्याच सीटवर बस. मी सांगतो ज्ञानदेवांना.’

‘नको आजोबा. सगळे म्हणतील, आजोबांमुळं बसला.’

मी इतकी वर्षं या सोसायटीत येतोय. पाण्याच्या टँकरपासून पार्किंगच्या जागेपर्यंत सगळं बघितलंय. वशिल्याची लाज वाटणारा हा पहिला माणूस मी इथं बघितला, आणि तो दुसरीत आहे.

पूर्णिमाताई हळूच म्हणाल्या, ‘हा तर फ्लॅटच्या हप्त्यासारखं बोलतोय.’ बाहुल्यांचं परत काही काढलं नाही.

मी तेव्हापासून डोकं खाजवतोय. पोटातून येतं म्हणावं, तर नवीन पोरगं पहिल्या दिवशी कुणाच्याही मांडीवर जाऊन बसतं, मी बघतो ना. शिकवलं म्हणावं, तर शिकवणारा सापडत नाही, जो तो म्हणतो माझ्या आधीपासून आहे. आणि देवाधर्माचं म्हणाल, तर त्यांचं बोलणं पोरं ऐकतात हो, ऐकत नाहीत असं नाही. फक्त रिक्षात बसताना ते दप्तराबरोबर बाहेरच्या हुकाला अडकवतात. बाकी मला काही कळत नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कळलं तर सांगा, पण आत्ता नको.

कारण पुढं जे झालं ते महत्त्वाचं. नानांचा शब्द खाली पडलेला, तो उचलायला तर पाहिजे. ते म्हणाले, ‘काहीही असो. शिक्षा झाल्याशिवाय मुलांना गांभीर्य कळत नाही. ती मुलगी उद्यापासून फळीवर बसेल. नाहीतर त्या रिक्षात आमच्या सोसायटीची मुलं नसतील.’

भीमराव उठले. आवाज चढवला नाही. ‘शिक्षा म्हणून माझी मुलगी खाली बसणार नाही. ती शिक्षा आमच्या घरानं भोगून संपवलीय. पण पाळी लावा. सीटवरच्या प्रत्येक पोरानं पाळीपाळीनं फळीवर बसायचं. पहिली पाळी माझ्या मुलीची. फक्त एकटी नाही. सीटवरचं आणखी एक पोर तिच्या शेजारी पाहिजे, म्हणजे ती पाळी आहे, शिक्षा नाही, हे तिला पण कळेल आणि बाकीच्यांना पण.’

सगळ्यांना एकदम पटलं. माना हलल्या. नानांनी पण विचार केला आणि म्हणाले, ‘तत्त्वतः मान्य.’

साहेब, ‘तत्त्वतः’ ऐकलं की मी रिक्षा चालू करून ठेवतो. त्याच्या पुढं काही होत नसतं.

सोमवारपासून पाळी सुरू करायची असं ठरलं. म्हणजे उद्या. तोवर मी सीटवाल्या पोरांच्या घरी जाऊन विचारायचं, अक्षताबरोबर पहिल्या दिवशी कोण. बी विंगमध्ये मंदाकिनीबाईंकडं गेलो. म्हणाल्या, ‘कल्पना फारच सुंदर आहे हो, आम्ही अगदी मनापासून पाठिंबा देतो. पण आमच्या सोहमला उलटं बसलं की मळमळतं.’ म्हणलं, फळीवर होता तेव्हा मळमळलं होतं का? म्हणाल्या, ‘तेव्हा नाही, पण आता होईल ना.’ वरच्या मजल्यावर गेलो. त्यांच्या पोरीचं आत्ता ग्रहमान बरं नाही, दिशा बदलायला नको असं सांगितलंय कुणीतरी. बाई कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, गळ्यात पट्टा घालून दार उघडलं, पट्ट्यावर फोटो. मी नमस्कार केला. म्हणाल्या, पुढच्या महिन्यात नक्की.

नानांना जिन्यात गाठलं. म्हणलं, तुम्ही चार शब्द सांगा लोकांना. तर म्हणाले, ‘ज्ञानदेव, आयुष फळीवरच बसतोय. आमच्या घरानं आणखी काय करायचं?’ ते पण खोटं नाही. मग खांद्याला हात लावून म्हणाले, ‘मला व्हॅन नकोय हो. पण मी शब्द बोलून बसलोय. कुणीतरी आधी काहीतरी केलं, तर मला मागं येता येईल.’ म्हातारा वाईट नाही. फक्त चेअरमन आहे.

व्हॅन म्हणजे, त्यांनी व्हॅनवाला बघून ठेवलाय. उद्या पाळी सुरू झाली नाही, तर मंगळवारपासून सोसायटीची सगळी पोरं व्हॅनमध्ये. व्हॅन खडकीला जाणार नाही, तिला वळसा पडतो. आणि एकट्या अक्षतासाठी मी खडकीहून रिक्षा काढू शकत नाही साहेब, मनात असलं तरी. भीमराव सकाळच्या पाळीला अंधारात निघतात. तिची आई, राधावहिनी, दवाखान्यात आया आहेत, त्या त्यांच्याही आधी. बस दोन बदलाव्या लागतात, दहा वर्षांच्या पोरीला ते जमायचं नाही. म्हणजे शाळा सुटली. क्वार्टरजवळ दुसरी शाळा आहे, तिथं घालतील. भीमराव म्हणाले पण मला, ‘घालू तिथं. मान खाली घालून कुठं पाठवण्यापेक्षा बरं.’ बोलले आणि बराच वेळ लुनाला किकच बसेना त्यांच्याकडून.

तिकडं पोरांना वाटतंय मोठ्यांचं प्रकरण आहे, मिटेल. मीटिंगनंतर त्यांनी कायद्यात दुरुस्ती केली. आता भोंगा वाजवत नाहीत. गुडघा लागला की तोंडातल्या तोंडात ‘पों’ म्हणतात. हळू, मला ऐकू येऊ नये असं. फक्त अक्षता म्हणत नाही. गुरुवारपासून ती खिडकीकडं सरकून, गुडघे तिरके करून बसते, कुणाचं लागूच नये म्हणून. लागलं तर आता म्हणायचं काय, हे तिला ठरवता येत नसावं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर सोसायटीच्या गेटपाशी आलो, बाकीची पोरं उतरून पळाली. तुमची दीपाली आणि ती, दोघीच मागं. तेव्हा अक्षता म्हणाली, ‘सोमवारी मी फळीवर बसणार आहे. तू येतेस का माझ्याबरोबर? तू आलीस तरच बसेन.’

दीपाली म्हणाली, ‘तिथनं परत उलटं दिसणार ना गं.’

‘दिसतं. पण मागच्या गाडीतल्या लोकांना जीभ दाखवता येते.’

‘खरंच? मी तर कधी दाखवली नाही.’

‘मी दोन वर्षं दाखवली.’

दीपालीला ते आवडलं असं मला आरशात दिसलं. पण म्हणाली, ‘पप्पांना विचारते. पप्पा शनिवारी येणारेत.’ काल संध्याकाळी मी वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, ‘हे आत्ताच आलेत, दमलेत, विचारते.’ विचारलं नसणार. त्यांची पण चूक नाही. विमानातून उतरलेल्या माणसाला कुणी चहाच्या पहिल्या घोटाला फळीचं सांगत नाही.

काय म्हणालात? गाडी लागते तिला? साहेब, तुमची पोरगी माझ्या रिक्षात खिंडीच्या उतारावर उभी राहून भेळ खाते. ते कारण मंदाकिनीबाईंनी घेतलंय, तुम्ही दुसरं काढा.

रागावू नका. मी तुम्हाला बोलत नाही. तुम्ही पहिल्यांदा इथं राहायला आलात तो दिवस मला आठवतो. सामानाचा टेम्पो घेऊन गेटवर आलात आणि वॉचमनला म्हणालात, ‘भाऊ, काय करून राहिले?’ तर उत्तरेश्वर फिसकन हसला. तो स्वतः उस्मानाबादकडचा. त्याला इथं आल्यावर ‘मला बी’ म्हणाला म्हणून कुणीतरी हसलं असणार. आता तो रंगकाम करणाऱ्या बिहारी पोरांना हसतो, आणि ती पोरं कुणाला हसतात ते मला हिंदी कळत नाही म्हणून माहीत नाही. तुम्ही त्या दिवशी काही बोलला नाहीत, आणि आता इतकं छापील बोलता की मलाच जपून बोलावं लागतं. आणि अमेरिकेत तुम्हाला कुठं बसवत होते ते मी विचारत नाही. तुम्ही पण घरी सांगितलं नसेल. पुढच्या वर्षी सीट मिळणारच असेल.

बसा हो, उठू नका. झालं, एवढंच सांगायचं होतं.

नाना बघितलेत वर? गॅलरीत तुळशीला पाणी घालतायत. रोज सकाळी मी येतो तेव्हा ते तिथंच असतात. मंदाकिनीबाईंची खिडकी उघडी असते, वरच्या बाईंची पण, पट्टा घातलेला असो नसो. सगळे पोरांना टाटा करायला उभे. उद्या साडेसहाला मी गेटवर असेन. अक्षता खडकीपासूनच फळीवर बसून येणार आहे, असं भीमराव म्हणाले. एकटी येणार आणि गेटपर्यंत वाट बघणार. शेजारी कुणी बसलं तर शाळेत जाणार, नाही बसलं तर मी तिला तसंच माघारी घरी सोडायचं, असं बापलेकीचं ठरलंय.

आयुषला मी जरा कडेला सरकवतो, जागा होईल. तर एवढं करा साहेब, उद्या वहिनींना पाठवू नका, तुम्ही स्वतः दीपालीला घेऊन खाली या, आणि सगळ्यांच्या देखत तिला अक्षताच्या शेजारी बसवा.